२००६ चं लोन, जुनं क्रेडिट कार्ड आणि पीपीआयमधलं न सांगितलेलं कमिशन: आता काही हाती लागेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आणि मिसेस २००४ ते २०१४ इंग्लंडमध्ये लेस्टरला होतात. २००६ ला बँकेतून पर्सनल लोन घेतलंत, त्याला पीपीआय, म्हणजे आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर हप्ते भरणारा विमा, जोडलेला होता. लोन २०११ ला फिटलं. २०१३ ला "हा विमा आमच्या गळ्यात मारला" अशी तक्रार केलीत, बँकेने ती फेटाळली, तुम्ही नाद सोडलात आणि पुढच्या वर्षी पुण्याला परत आलात. आता कुठल्याशा कंपनीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आलाय की पीपीआयमधलं छुपं कमिशन परत मिळतं, मिळालेल्यातले ४० टक्के आमचे, आणि फाइल उघडायला २५० पौंड आधी भरा. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीये की त्याच बँकेचं क्रेडिट कार्डही होतं, त्याच्यावर चारेक वर्षं पीपीआय कापला गेला, आणि ते कार्ड तुम्ही भारतातून २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलंत.

अहो, ती शेवटची ओळच खरी कामाची आहे. लोनचं काय ते बघू, पण माझ्या मते तुमची केस असलीच तर ती कार्डाची आहे, आणि ती का हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी आधी बरीच वर्षं तिकडे एका बँकेच्या तक्रार विभागात याच फायली बघायचे, आता लोकांना उलट बाजूने मदत करते. तुमची कागदं मी पाहिलेली नाहीत तेव्हा खालचं सगळं तुम्ही सांगितलेल्या तारखांवर उभं आहे, एक तारीख हलली तर उत्तर बदलेल.

पहिली गोष्ट म्हणजे "विमा चुकीचा विकला" आणि "विम्यातलं कमिशन लपवलं" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुम्ही २०१३ ला केलेली पहिली. दुसरी तेव्हा फारशी कोणाला माहीतच नव्हती. ती आली प्लेविन बाईंच्या केसमधून. या विधवा बाई, कॉलेजात शिकवायच्या, २००६ मध्ये त्यांनी पॅरागॉन नावाच्या कंपनीकडून ३४,००० पौंड कर्ज घेतलं आणि त्यात ५,७८० पौंडांचा पीपीआयचा एकरकमी प्रीमियम कर्जातच घालून दिला. नंतर कळलं की त्या प्रीमियममधले ७१.८ टक्के कमिशन होतं, काही दलालाने ठेवलं काही पॅरागॉनने, विमा कंपनीकडे गेले जेमतेम १,६३० पौंड. बाईंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला यूकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कमिशन घेणं हा गुन्हा नाही, पण ते एका मर्यादेपलीकडे गेलं आणि ग्राहकाला अंधारात ठेवलं तर कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं अन्याय्य होतं, आणि ७१.८ टक्के त्या मर्यादेच्या बरंच पलीकडे आहे. कायदा कुठला तर कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४, कलम १४०ए. इथे विमा तुम्हाला उपयोगाचा होता की नव्हता, तुम्ही मागितला होता की नव्हता, हे विचारात घ्यायची गरजच पडत नाही. म्हणून २०१३ ची तक्रार फेटाळली गेली याने कमिशनचा दावा आपोआप मरत नाही. हां, ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकेविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, गेला असतात आणि त्यांचा अंतिम निर्णय तुम्ही सही करून स्वीकारला असतात, किंवा बँकेने काही पैसे देऊन "पूर्ण आणि अंतिम" असं लिहून घेतलं असतं, तर गोष्ट वेगळी. तुम्ही तसं काही म्हटलेलं नाहीये, तरी एकदा मिसेसना विचारा, कारण जॉइंट लोनमध्ये पत्रव्यवहार एकाने केलेला असतो आणि दुसऱ्याला पत्ता नसतो हे मी खूपदा पाहिलंय.

यानंतर एफसीएने, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाने, नियम केले. ढोबळमानाने असं की कमिशन अधिक विमा कंपनीच्या नफ्यातला बँकेचा वाटा मिळून प्रीमियमच्या ५० टक्क्यांवर गेला आणि सांगितला नसेल तर ५० च्या वरचा भाग परत, त्यावर कर्जाचं जे व्याज लागलं ते परत, आणि वर वर्षाला ८ टक्के सरळ व्याज. समजा ३,००० पौंड प्रीमियम, ७० टक्के कमिशन, तर कमिशन झालं २,१००, त्यातले ५० टक्क्यांवरचे ६०० परत. लोक ऐकतात "कमिशन परत" आणि डोक्यात २,१०० धरून बसतात. कोर्टावर मात्र हा ५० टक्क्यांचा नियम बंधनकारक नाही, जज पूर्ण कमिशनही देऊ शकतो आणि काही काउंटी कोर्टांनी दिलेलंही आहे, पण तो त्याच्या विवेकाचा भाग आहे, हक्काने मागून मिळेल असा नाही.

आणि मग डेडलाइन. २९ ऑगस्ट २०१९. ती जाहिरात तुम्ही इकडे असल्यामुळे पाहिली नसेल, अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं सुपरमार्केटमध्ये फिरत लोकांवर ओरडायचं की ठरवा काय ते आत्ताच, आमच्या ऑफिसात त्याची नक्कल करणारे दोघे-तिघे होते. त्या तारखेनंतर बँकेकडे किंवा ओम्बड्समनकडे साधी तक्रार करायचा रस्ता बंद झाला, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून (गंभीर आजारपण वगैरे, "मी भारतात होतो" हे सहसा चालत नाही). पण ही डेडलाइन तक्रारीची होती, कोर्टाची नव्हे. आज जे कोणी "अजून क्लेम करता येतो" म्हणतात ते कोर्टाबद्दल बोलतायत, आणि हे ते मेसेजमध्ये नीट सांगत नाहीत.

आता कोर्टात पहिला प्रश्न कमिशन किती हा नसतो, पहिला प्रश्न असतो की तुम्ही मुदतीत आहात का, आणि ही मुदत सहा वर्षांची. यावर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचे लागोपाठ दोन निकाल आले आणि तुमचं लोन एकात बसतं, कार्ड दुसऱ्यात.

कार्डाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. ४ ऑक्टोबर २०२३, स्मिथ विरुद्ध रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड. या बाईंच्या कार्डावरचा पीपीआय २००६ मध्येच थांबला होता, कार्ड चालू राहिलं २०१५ पर्यंत, दावा केला २०१९ ला. बँक म्हणाली शेवटचा प्रीमियम गेला तेव्हापासून सहा वर्षं मोजा, मुदत कधीच संपली. कोर्ट म्हणालं नाही, कलम १४०ए हे पूर्ण नात्याकडे बघतं, ते नातं ज्या दिवशी संपलं त्या दिवशी ते कसं होतं हे बघायचं, आणि सहा वर्षं तिथून. म्हणजे पीपीआय कधी बंद झाला हे गौण, कार्डाचं अॅग्रीमेंट कधी संपलं हे महत्त्वाचं. तुमचं कार्ड ऑक्टोबर २०२१ ला बंद झालं असेल तर तुम्हाला ऑक्टोबर २०२७ पर्यंत वेळ आहे. कोणी काय लपवलं, तुम्हाला कधी कळलं, त्या भानगडीत पडायचीच गरज नाही. तुम्ही आळस करून ते कार्ड इतकी वर्षं बंद केलं नाहीत म्हणताय ना, तो आळस फळला म्हणायचा!

इथे दोन खाचाखोचा आहेत. एक, तुम्ही फोन करून "बंद करा" म्हणालात ती तारीख आणि बँकेने अॅग्रीमेंट खरोखर संपवल्याची तारीख यांत फरक असू शकतो, किंवा वापर नाही म्हणून बँकेने आधीच कधीतरी ते स्वतःहून बंद केलेलं असू शकतं आणि २०२१ ला तुम्हाला फक्त कन्फर्मेशन मिळालं असेल. ही तारीख आठवणीतून नको, कागदावर हवी. दोन, बँकेला तक्रारीचं पत्र पाठवल्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. ते थांबतं फक्त कोर्टात दावा दाखल झाल्यावर, किंवा बँकेने मुदत थांबवायला लेखी मान्यता दिली तर. पत्रापत्री करत बसून चांगली केस घालवलेले लोक मला माहीत आहेत, बँक "आम्ही तपासतोय, थोडा वेळ द्या" म्हणते आणि हे सज्जनपणे थांबतात.

आता लोन. ते २०११ ला संपलं, सहा वर्षं २०१७ ला संपली. इथे आधार आहे तो १५ नोव्हेंबर २०२३ च्या निकालाचा, कॅनडा स्क्वेअर विरुद्ध पॉटर. (कॅनडा स्क्वेअर म्हणजे पूर्वीची एग ही ऑनलाइन बँक. त्या काळात तिकडे गेलेल्या आयटीवाल्यांपैकी कित्येकांकडे एगचं कार्ड असायचं.) पॉटर बाईंचंही लोन २००६ चं, २०१० ला संपलेलं, आणि प्रीमियममधलं कमिशन तर ९५ टक्क्यांच्या वर. चुकीच्या विक्रीबद्दल तक्रार करून त्यांना २०१८ मध्ये काही भरपाईही मिळाली होती, मग वकिलाकडून कमिशनचं कळलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी दावा लावला. लिमिटेशन अॅक्ट १९८० च्या कलम ३२ प्रमाणे समोरच्याने महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली असेल तर सहा वर्षं सुरू होतात ती तुम्हाला ते कळलं तेव्हापासून, किंवा तुम्ही वाजवी प्रयत्न केले असते तर कळू शकलं असतं तेव्हापासून. कोर्टाने बाईंच्या बाजूने निकाल दिला, बँकेला सांगायचं कायदेशीर बंधन होतं की नव्हतं याने फरक पडत नाही, तिने ठरवून सांगितलं नाही एवढं पुरे.

मग तुमचं काय? सगळं येऊन अडतं ते त्या "कळू शकलं असतं" वर. एफसीएच्या नियमांत असं होतं की ज्यांची चुकीच्या विक्रीची तक्रार आधी फेटाळली गेली होती आणि जे कमिशनच्या नियमात बसू शकतात त्यांना बँकांनी आपणहून पत्र पाठवून कळवायचं, आणि ती पत्रं २०१७ मध्ये गेली. तुम्ही अगदी त्याच गटातले. पत्र गेलं असणार, पण कुठल्या पत्त्यावर? लेस्टरच्या भाड्याच्या घराच्या? तशी परत आलेली पाकिटं आमच्याकडे क्रेटच्या क्रेट भरून असायची, विद्यार्थी, परत गेलेले भारतीय, पोलिश, घटस्फोट झालेले, सगळे. बँक कोर्टात म्हणेल आम्ही २०१७ ला कळवलं, शिवाय २०१९ पर्यंत टीव्हीवर, पेपरात बोंब होती, तेव्हा २०२५ पर्यंत सगळं संपलं. तुम्ही म्हणाल आम्ही २०१४ पासून पुण्यात, पत्र मिळालं नाही, ती जाहिरात आमच्यासाठी नव्हती, पहिल्यांदा कळलं ते या मेसेजवरून. दोन्ही म्हणणी चालू शकतात आणि जज कोण बसलाय यावरही थोडं अवलंबून आहे. मला विचाराल तर लोनच्या दाव्यावर मी स्वतःचे पैसे लावणार नाही, पण कार्डाचा दावा लावताच आहात तर लोन सोबत मागता येतं का हे एखाद्या सॉलिसिटरला, म्हणजे तिकडच्या वकिलाला, जरूर विचारा, आणि तो व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका, तारखेसकट जपून ठेवा. तुम्हाला कधी कळलं याचा तुमच्याकडे असलेला एकमेव पुरावा तोच आहे.

अजून एक अट राहिली. कलम १४०ए लागू व्हायला कर्ज ६ एप्रिल २००८ ला किंवा त्यानंतर चालू असायला हवं. तुमची दोन्ही आहेत. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं त्याआधी फिटलं असेल त्यांनी इथेच थांबावं. स्कॉटलंडला राहिलेल्यांचे मुदतीचे नियम वेगळे आहेत, वरचा हिशोब त्यांनी स्वतःला लावू नये.

आता करायचं काय. बँकेला सब्जेक्ट अॅक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे तिच्याकडे असलेली तुमची माहिती मागणारा अर्ज, टाका. फुकट असते, ईमेलवर चालते, एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं (फार गुंतागुंतीचं असेल तर वाढवून घेतात). नुसतं "माझी सगळी माहिती द्या" असं लिहू नका, तसं लिहिलं की दोनशे पानांचे स्क्रीनशॉट येतात आणि हवं ते नसतं. स्पष्ट मागा: दोन्ही खात्यांचे नंबर किंवा नसतील तर जुने सगळे पत्ते आणि जन्मतारीख, खातं उघडल्याची आणि अॅग्रीमेंट संपल्याची तारीख, पीपीआयचा प्रत्येक प्रीमियम, बँकेला मिळालेलं कमिशन आणि नफ्यातला वाटा टक्केवारीसकट, २०१३ च्या तक्रारीची फाइल, आणि २०१७ नंतर पीपीआयबद्दल पाठवलेली सगळी पत्रं व ती कुठल्या पत्त्यावर गेली ते. कमिशनचा आकडा ही तुमची वैयक्तिक माहिती नाही असं म्हणून काही बँका तेवढं गाळतात, गाळू देत, बाकीचं येऊ दे. मिसेसच्या नावाने वेगळी रिक्वेस्ट. आणि हे आत्ता करा, बऱ्याच बँका खातं बंद झाल्यावर सहा-सात वर्षांनी रेकॉर्ड काढून टाकतात, तुमच्या कार्डाचं ते वय जवळ आलंय. जुनी स्टेटमेंट माळ्यावर असतील तर उत्तमच. त्यात पीपीआय असं सरळ लिहिलेलं नसेल, पेमेंट कव्हर, लोन प्रोटेक्शन, एएसयू (अपघात, आजारपण, बेकारी यांचा विमा) असल्या नावांनी ओळी असतात.

कायद्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. नातं अन्याय्य होतं असं तुम्ही म्हटलंत की ते तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. म्हणून "आमच्याकडे रेकॉर्ड नाही" हे बँकेचं नेहमीचं उत्तर ऐकून लोक खचतात तसं खचू नका, पीपीआय होता एवढं तुम्ही दाखवू शकलात तर कमिशन किती होतं हे न सांगता येणं ही त्यांची पंचाईत आहे.

पण पैसे किती, हे आधी मांडून बघा नाहीतर नंतर वाईट वाटेल. कार्डावर प्रीमियम दर शंभर पौंड बॅलन्सला साधारण ७०-८० पेन्स महिन्याला असायचा. तुमचा बॅलन्स सरासरी २,००० धरला तर महिन्याला १५ पौंड, चार वर्षांचे ७२०. कमिशन ७० टक्के निघालं तर ५०४, एफसीएच्या पद्धतीने परत मिळणारे १४४, अधिक त्यावर कार्डाचं लागलेलं व्याज, अधिक ८ टक्के सरळ व्याज, जे पंधरा वर्षांचं मिळालं तर मूळ रकमेच्या १२० टक्के होतं, पण कोर्टात तेही जजच्या मर्जीवर. म्हणजे कमी धरून तीन-चारशे, पूर्ण कमिशन मिळालं तर हजाराच्या वर. वाईट नाही, पण यातून ४० टक्के आणि २५० आधीच गेले तर तुमच्या हातात काय उरणार ते बघा.

त्या कंपनीबद्दल. पीपीआयच्या तक्रारींच्या कामासाठी अशा कंपन्या घेतात त्या फीला २०१८ पासून २० टक्के अधिक व्हॅट अशी कमाल मर्यादा आहे. कोर्टाच्या कामासाठी सॉलिसिटर वेगळे करार करतात, तिथे आकडे जास्त असू शकतात, पण मग करार सॉलिसिटरचा हवा आणि हरलो तर समोरच्याचा खर्च कोण भरणार हे त्यात लिहिलेलं हवं. तुमची परवानगी नसताना अशा क्लेमसाठी फोन करायलाही यूकेत २०१८ पासून बंदी आहे. न मागता आलेला मेसेज, ४० टक्के, वर आगाऊ फी, हे बघून मी तर नंबर ब्लॉक करेन. एफसीएच्या रजिस्टरवर नाव शोधा, आणि नाव सापडलं तरी तिथे दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा कारण खऱ्या कंपनीचं नाव लावून फिरणारे कमी नाहीत. पासपोर्टची कॉपी तर आत्ताच मुळीच पाठवू नका.

स्वतः दावा लावणं जमण्यासारखं आहे. १०,००० पौंडांपर्यंतचे दावे इंग्लंडमध्ये सहसा स्मॉल क्लेम्स ट्रॅकमध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातात, तिथे हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च साधारणपणे तुमच्यावर पडत नाही. आधी दावापूर्व पत्र, त्यात रक्कम, कलम, आणि उत्तरासाठी ठरावीक मुदत. छोट्या रकमेत बँका बऱ्याचदा इथेच तडजोडीला येतात कारण वकील उभा करायचा खर्च त्यांना जास्त. अडचण एकच, दाव्यात कागदपत्रं पाठवायला यूकेतला पत्ता लागतो, तेव्हा तिकडे कोणी विश्वासू नातेवाईक असेल तर आधी विचारून ठेवा, जो पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो पाठवेल असा. "मी रविवारी बघतो" वाला नको.

तडजोड झाली तर ८ टक्के व्याजाच्या भागावर बँक सहसा २० टक्के टॅक्स कापते. तुम्ही आता भारतात रेसिडेंट आहात तेव्हा ते व्याज इकडच्या रिटर्नमध्येही दाखवायचंय, कापलेल्या टॅक्सचं काय करायचं ते सीएला विचारा, त्यासाठी बँकेकडून टॅक्स कापल्याचं सर्टिफिकेट तेव्हाच मागून घ्या.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी विचारेलच, गाडीच्या फायनान्समधलं कमिशन हा निराळा विषय आहे. त्यावर १ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा वेगळा निकाल आलाय आणि एफसीएने वेगळी भरपाई योजना आखली आहे, त्यासाठी कंपनीची गरज नाही, फायनान्स देणाऱ्याकडे थेट लिहिता येतं. पुण्यातल्या होम लोनसोबत चिकटवलेल्या विम्याला यातलं काहीच लागू नाही, तो कायदाच वेगळा.

तर आधी रिक्वेस्ट टाका. उत्तर आलं की कार्डाचं अॅग्रीमेंट संपल्याची तारीख आणि २०१७ चं पत्र कुठल्या पत्त्यावर गेलं, एवढ्या दोन गोष्टी इथे लिहा, खातं नंबर वगैरे टाकू नका, मग दावापूर्व पत्रात काय घालायचं ते सांगते.